आवर घालणाऱ्या पेशी

फिट येणाऱ्या रुग्णाला घेऊन नातेवाईक रुग्णालयात येतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो: मेंदू अशक्त झाला आहे का? या प्रश्नामागील काळजी स्वाभाविक आहे. मग घरात बदाम येतात, साजूक तूप येते, शक्तिवर्धक औषधांच्या बाटल्या येतात, आणि मुलाला अभ्यासाचा ताण नको म्हणून शाळेतून काढण्याचाही विचार सुरू होतो. वस्तुस्थिती बहुतांशी याच्या उलट असते. फिट येते तेव्हा मेंदूची शक्ती उणावलेली नसते. उणावलेला असतो तो त्या शक्तीवरील आवर. आपल्या अहवालाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा रुग्ण असेल, आणि ज्यांच्या देणग्यांतून अशा रुग्णांच्या गोळ्यांचा खर्च भागतो ते दातेही हे पान वाचत असतील. म्हणून हा आवर घालणाऱ्या पेशींचा परिचय थोड्या विस्ताराने करून देत आहोत.

मेंदूतील मज्जापेशींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गातील पेशी शेजारणीला चेतवतात. त्या ग्लुटामेट नावाचे रसायन सोडतात आणि ते ज्या पेशीवर पडेल ती पुढे संदेश धाडण्यास उद्युक्त होते. दुसऱ्या वर्गातील पेशी शेजारणीला थोपवतात. त्यांना निरोधक पेशी म्हणतात. मेंदूत त्यांचे मुख्य रसायन गॅमा अमिनो ब्युटिरिक आम्ल, म्हणजेच ‘गाबा’. ते मेंदूत असते हा शोध १९५० साली अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स आणि इतर संशोधकांना लागला. मज्जारज्जूत गाबाच्या जोडीला ग्लायसीन नावाचे रसायनही हेच काम करते. गाबा पेशीच्या आवरणावरील विशिष्ट ग्राहकावर बसले की तेथील एक सूक्ष्म द्वार उघडते, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी संदेश पाठवण्याच्या उंबरठ्यापासून मागे सरते. हे सारे सेकंदाच्या काही सहस्रांश भागांत घडते.

मेंदूच्या बाह्यकात निरोधक पेशींचे प्रमाण सुमारे पाचांत एक इतके आहे. म्हणजे चेतवणाऱ्या चार आणि थोपवणारी एक. अनंत चतुर्दशीला लालबागहून गिरगाव चौपाटीकडे निघालेली मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना दोर धरून चालणारे कार्यकर्ते आठवतील. गर्दीच्या मानाने ते थोडेच. ते ढोल वाजवत नाहीत, गुलाल उधळत नाहीत, बघ्यांचे त्यांच्याकडे लक्षही जात नाही. परंतु कोणी केव्हा पुढे सरकावे आणि कोणी थांबावे हे त्यांच्या हातातील दोरामुळे ठरते, आणि एका वळणावर तो दोर सुटला तर पुढे काय होईल ते सांगावयास नको. निरोधक पेशीही मेंदूला गप्प बसवत नाहीत. त्या कामाला क्रम देतात. हात उचलताना दंडाचा पुढचा स्नायू आकसतो त्याच क्षणी मागचा सैल पडावा लागतो, आणि तो सैल पाडण्याचे काम याच पेशींचे. या पेशींचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील एका प्रकाराला तिच्या टोकांच्या लोंबत्या रचनेवरून शास्त्रज्ञांनी ‘झुंबर पेशी’ असे सुरेख नाव दिले आहे. एक झुंबर पेशी शेकडो चेतक पेशींच्या मुखाशी बसून त्यांच्यावर वचक ठेवू शकते.

हा आवर पूर्णपणे सुटला तर काय होते, हे समजण्यासाठी धनुर्वातासारखा दुसरा विकार नाही, आणि धनुर्वाताचा इतिहास तर आपल्या परळशी घट्ट बांधलेला आहे.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्यांच्या व गुरांच्या शेणात असतात. एखाद्या खोल जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही अशा जागी ते वाढतात आणि एक विष निर्माण करतात. हे विष स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरते आणि तंतूच्या आतल्या आत, उलट्या दिशेने, मज्जारज्जूकडे व मेंदूच्या देठाकडे प्रवास करते. तेथे पोहोचल्यावर ते शेजारच्या निरोधक पेशीत उतरते आणि तिला तिचे रसायन बाहेर सोडता येणार नाही अशी व्यवस्था करते. पेशी जिवंत असते, ग्लायसीन व गाबा तिच्यात भरलेले असते, फक्त ते बाहेर पडण्याची वाट बंद होते. हे विष कोणत्या प्रथिनाला कापते याचा उलगडा इटलीतील संशोधकांनी १९९२ साली केला. जबड्याच्या स्नायूंकडे जाणारे तंतू आखूड असल्याने विष तेथील केंद्रात लवकर पोहोचते, म्हणून बहुतेकांना आधी दातखीळ बसते. मग मान, पाठ, पोट. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बलवान असल्याने शरीर मागे धनुष्यासारखे वाकते. आयुर्वेदाने याला धनुःस्तंभ म्हटले ते रूप पाहूनच. कोकणातील काजऱ्याच्या बियांचे विषही याच ठिकाणी घात करते, मात्र दुसऱ्या बाजूने: ते ग्लायसीनच्या ग्राहकावरच ठाण मांडून बसते. एकात निरोप निघत नाही, दुसऱ्यात निघालेला निरोप पोहोचत नाही, आणि आचके मात्र दोहोंत जवळपास सारखेच येतात.

नातेवाइकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. धनुर्वातात मेंदूचा वरचा भाग शाबूत असतो. रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला सारे ऐकू येते, समजते, आणि प्रत्येक आचक्याची वेदनाही जाणवते. दाराचा आवाज, अंगावरची चादर ओढणे, दिव्याचा झोत एवढ्यानेही आचका येऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवण्याची प्रथा पडली. खाटेशी उभे राहून रडणारा आप्त त्याला नकळत इजा करत असतो, हे सांगणे आमच्या परिचारिकांना नेहमीच जड जाते.

परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. गिरण्यांचा, घोडागाड्यांचा, दाटीवाटीच्या चाळींचा आणि घरोघरी होणाऱ्या बाळंतपणांचा तो काळ. धनुर्वाताचे रुग्ण तेथे इतक्या संख्येने येत की जगातील फार थोड्या रुग्णालयांना तेवढा अनुभव मिळाला असेल. तेथील डॉ. जे. सी. पटेल यांनी या अनुभवाचे शास्त्र केले. १९५९ साली त्यांनी डॉ. जोग यांच्यासमवेत रुग्णाची गंभीरता ठरवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली, जी पुढे देशोदेशींच्या पाठ्यपुस्तकांत गेली. दातखीळ आहे का, आचके आहेत का, जखम झाल्यापासून सात दिवसांच्या आत लक्षणे दिसली का, पहिल्या लक्षणानंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत आचके सुरू झाले का, आणि दाखल झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत ताप आहे का. एवढे पाच प्रश्न. यांतील जितक्यांची उत्तरे होकारार्थी, तितका धोका अधिक. तापमापक सोडला तर कोणतेही उपकरण लागत नाही; चौकशी करण्याची चिकाटी मात्र लागते. गरीब देशातील गजबजलेल्या वॉर्डात जन्मलेले हे शास्त्र आहे, आणि त्याचा अभिमान परळकरांनी बाळगावा असे आम्हांस वाटते. १९६३ साली धनुर्वातावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली, तीही डॉ. पटेल यांच्या पुढाकाराने. योगायोग असा की त्याच वर्षी सर जॉन एकल्स यांना मज्जापेशींतील चेतना व निरोध यांची क्रिया उलगडून दाखवल्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पटेल व मेहता यांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्णांची संख्या १९६३ साली २,००७ होती. १९९९ च्या शोधनिबंधात ती ८,६९७ वर पोहोचली होती.

परळशी याहून जुना आणि दुःखद असाही एक धागा जोडलेला आहे. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी, परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. ठपका प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता हे पुढे उजेडात आले आणि १९०७ साली त्यांच्यावरील कलंक दूर झाला. १९२५ पासून ती संस्था त्यांचेच नाव धारण करून आहे. मातीत पडलेल्या चिमट्याएवढ्या जागेतून हा रोग शिरू शकतो, हे त्या घटनेत दिसते.

नवजात बालकांचा धनुर्वात सर्वांत क्रूर. जन्मानंतर दोन दिवस नीट दूध ओढणारे बाळ अचानक ओढेनासे होते. नाळ अस्वच्छ पात्याने कापल्याने किंवा तिच्यावर राख-शेण लावल्याने हे घडत असे. हा काळ पाचवी-सटवाईच्या पूजनाच्या आगेमागे येत असल्याने घरातील मोठी माणसे कोपाची शंका घेत बसत आणि मोलाचे तास जात. गरोदरपणातील लस व रुग्णालयातील बाळंतपण यांमुळे चित्र पालटले. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. उच्चाटन म्हणजे जंतू नाहीसे झाले असे नव्हे. ते मातीत आहेतच. आज हा विकार दिसतो तो बहुधा लहानपणी लस न मिळालेल्या किंवा नंतरची मात्रा कधीच न घेतलेल्या वयस्कांत. आणि एकदा धनुर्वात होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही. आजाराने प्रतिकारशक्ती येत नाही, बरे झालेल्यालाही लस घ्यावी लागते.

पेशीत शिरलेले विष कोणत्याही औषधाने बाहेर काढता येत नाही. प्रतिविष देऊन रक्तात फिरणारे विष तेवढे निष्प्रभ करता येते. म्हणून ते लवकर द्यावयाचे असते. पुढचे काही आठवडे पेशी पूर्ववत होईपर्यंत रुग्णाला जगवणे हेच उपचार. यात डायझेपामसारखी औषधे उपयोगी पडतात, कारण जे थोडे गाबा बाहेर पडत असेल त्याचा प्रभाव ती वाढवतात.

येथून अपस्माराकडे वळणे सोपे जाते, कारण औषधे बरीचशी तीच आहेत. अपस्मार, फेफरे, आकडी, मिरगी, फिट ही सारी नावे आपल्याकडे रूढ आहेत. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन डॉ. नाडीर भरुचा, डॉ. एडी भरुचा व सहकाऱ्यांनी १४,०१० व्यक्तींची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. अपस्माराचे ६६ रुग्ण आढळले, म्हणजे हजारी ४.७. एक सुशिक्षित, उपचारांबाबत जागरूक समाज, आणि तरीही दोनशे-सव्वादोनशे माणसांमागे एक रुग्ण. तेव्हा आमच्या घराण्यात असे काही नाही, असे सांगणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. विवाहाच्या बोलण्यांत हा विकार लपवला जातो, मग गोळ्याही लपवून घेतल्या जातात, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचे एक कारण म्हणून नमूद होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले आहे.

अपस्माराची कारणे अनेक आहेत: डोक्याला मार, मेंदूतील जंतुसंसर्ग, जन्मतःची इजा, पक्षाघात, आनुवंशिक दोष. प्रत्येकात निरोधक पेशीच दोषी असतात असे म्हणता येणार नाही. परंतु चेतना आणि निरोध यांचा तोल ढळणे हे बहुतेकांत समान असते. ढळलेल्या जागी पेशींचा मोठा समूह एकाच वेळी, एकाच ठेक्यात संदेश सोडू लागतो, आणि भोवतालच्या निरोधक पेशी अपुऱ्या पडल्या की ती लाट पसरते.

१९१२ साली जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमन यांना फेनोबार्बिटोन या झोपेच्या औषधाने फिट थांबतात असे आढळले. ते गाबाच्या ग्राहकाचे द्वार अधिक वेळ उघडे ठेवते हे मात्र कित्येक दशकांनी समजले. डायझेपाम, क्लोबाझॅम, मिडाझोलाम ही औषधे तेच द्वार पुन्हा पुन्हा उघडावयास लावतात. फेनोबार्बिटोनची गोळी आजही स्वस्त आहे. स्वस्त म्हणून ती कमी प्रतीची, हा समज चुकीचा आहे. मात्र ती अचानक बंद करणे धोक्याचे. मेंदूने त्या औषधाशी जुळवून घेतलेले असते. आधार एकाएकी काढला की तोल पूर्वीपेक्षाही अधिक ढळतो व एकामागून एक फिट येऊ लागतात. दोन वर्षे फिट आली नाही, आता गोळी कशाला, असे म्हणून घरच्या घरी घेतलेला निर्णय अनेकांना अतिदक्षता विभागात घेऊन येतो. गोळी बंद करता येते, अनेकांची होतेही, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण स्त्रियांनी मूल होण्याचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण त्या औषधाचा गर्भावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. पण बोलण्याआधीच गोळी टाकून देऊ नये.

फिट आली असता नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची प्रथा अद्याप गेलेली नाही. तिचा समर्थक नेहमी सांगतो की चप्पल धरली आणि फिट थांबली. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, श्रेय चपलेला जाते एवढेच. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि घड्याळ पाहावे. घड्याळ पाहणे सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी अर्धा तास चाललेल्या फिटला दीर्घ म्हणत. आता पाच मिनिटांची मर्यादा मानतात, आणि त्यामागील कारण निरोधक यंत्रणेतच आहे. फिट लांबत गेली की पेशींच्या आवरणावरील गाबाचे ग्राहक आत ओढले जातात. दार उघडणारे औषध येते, पण दारेच कमी झालेली असतात. पाचव्या मिनिटाला नाकात फवारलेले मिडाझोलाम जेवढे काम करते, तेवढे तेच औषध अर्ध्या तासाने शिरेतून देऊनही करीलच असे नाही. म्हणून पाच मिनिटे उलटताच, नातलगांना दूरध्वनी करण्याआधी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

काही बालकांचा विकार याहून गुंतागुंतीचा असतो. पहिल्या वाढदिवसाच्या आत, तापात, एका अंगाला दीर्घ फिट येते. मग पुन्हा पुन्हा येतात, विनातापही येतात, आणि दुसऱ्या वर्षापासून वाढ मंदावते. फ्रान्समधील डॉ. शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ साली याचे वर्णन केले. २००१ साली त्यामागील जनुकदोष सापडला. तो सोडियमची वाहतूक करणाऱ्या एका द्वाराचा. सोडियमचे द्वार दुबळे झाले तर पेशी शांत व्हावयास हवी, मग फिट का, असे कोडे पडले. २००६ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून उत्तर मिळाले: हे विशिष्ट द्वार मुख्यतः निरोधक पेशींना लागते. म्हणजे दुबळे झाले होते ते दोर धरणारेच. याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. कार्बामाझेपिनसारखी, सोडियमची द्वारे शांत करणारी औषधे इतर अनेक रुग्णांना उत्तम लागू पडतात, पण या बालकांच्या फिट त्यांनी वाढतात. औषध देऊनही मूल बिघडत चालले आहे, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आईचे म्हणणे डॉक्टरांनी नीट ऐकून घ्यावयास हवे ते यासाठी.

निरोध नेहमी कमीच पडतो असेही नाही. कंपवातात डोपामीन घटल्याने मेंदूच्या तळाशी असलेली काही निरोधक केंद्रे वाजवीपेक्षा अधिक काम करू लागतात आणि हालचालींना लगाम बसतो. पारशी वसाहतींच्या त्याच पाहणीत कंपवाताचे ४६ रुग्ण मिळाले होते, म्हणजे लाखी सुमारे ३२८.

दारूविषयी मात्र थोडे स्पष्ट लिहावे लागेल. मद्य गाबाचा प्रभाव वाढवते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूत त्यामुळे गाबाचे ग्राहक मंदावतात व चेतक यंत्रणा जोर धरते. असा मनुष्य गटारी झाल्यावर श्रावण पाळण्यासाठी एका दिवसात पिणे थांबवतो, किंवा घरचे त्याला खोलीत कोंडतात, तेव्हा शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत त्याला फिट येऊ शकते, आणि पुढे भ्रमही होतो. व्रताचा संकल्प चांगला आहे. परंतु रोज भरपूर पिणाऱ्याने तो आधी डॉक्टरांना सांगून, औषधांच्या आधाराने करावा. हे व्यसन सोडवण्याच्या विरोधात लिहिलेले नाही, हे सुजाण वाचक जाणतीलच.

श्रावणानंतर गणपती. गिरणगावातील निम्मी घरे त्या दिवसांत कोकणात जातात. रात्रभर गाडीत जागरण, मग आरत्या-भजनांचे जागरण, आणि औषधाची पिशवी मुंबईतच विसरलेली. झोप मोडणे आणि गोळी चुकणे ही दोन्ही फिट येण्याची ठाऊक असलेली कारणे आहेत, आणि येथे ती एकत्र येतात. तेव्हा निघण्यापूर्वी आठवडाभर अधिक पुरतील एवढ्या गोळ्या घ्याव्यात, औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी, गावाजवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे हे आधी विचारून घ्यावे. गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवू नयेत. ती बॅग एस.टी.च्या डिकीत किंवा टपावर जाते आणि रात्री नऊच्या गोळीची वेळ महाडच्या पुढे कुठेतरी होते.